सारांशात न मावणाऱ्या बायका

(सिंधुदुर्गनगरी येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या एका दिवसाच्या वाचन-शिबिरात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

ओरोसला यायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी येते. दाखला हवा असतो, निवेदन द्यायचे असते, मोर्चा असतो, नाहीतर पोटगीच्या केसची तारीख असते. नुसते पुस्तकांवर बोलण्यासाठी आठही तालुक्यांतल्या बायका इथे जमल्या, हेच मला फार बरे वाटले. दोडामार्ग आणि वैभववाडीच्या बायका तर पहाटेच्या एस.टी.ने निघाल्या आहेत. तेव्हा लांबण न लावता विषयाला हात घालते.

मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून पुस्तकांचे सारांश घेतले तर साहित्य कळते का, असा विषय मला दिला आहे. हा विषय ठरला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, हा प्रश्न कॉलेजातल्या बाईंचा, आपला कसा? तो आपला आहे. गेली दोन-तीन वर्षे आपल्या शिबिरांची टिपणे, ३ जानेवारीची भाषणे, ८ मार्चची पत्रके, पथनाट्यांच्या संहितासुद्धा या यंत्राकडून तयार होऊन येऊ लागल्या आहेत. ती ऐकताना लगेच ओळखू येतात. त्याच चार गोष्टी, त्याच क्रमाने, त्याच गुळगुळीत भाषेत. देवगडच्या कार्यकर्तीचे भाषण आणि नागपूरच्या कार्यकर्तीचे भाषण यांत काही फरक उरत नाही, कारण दोघींनीही पुस्तक उघडलेले नसते.

आता, सारांश ही काही आजची गोष्ट नाही. आपण साऱ्याजणी गाईड वाचून पास झालो आहोत. कीर्तनकार बुवा एका तासात रामायण सांगत आणि आपल्या आज्या तेवढ्यावर सीतेचे सगळे आयुष्य जाणत. कोणालाच सगळी पुस्तके वाचता येत नाहीत. पण गाईडला गाईड म्हणत. वर्गात बाई विचारत, ‘गाईडातले सांगू नकोस, धड्यातले सांग.’ त्या वाक्यात गाईडची पायरी ठरलेली असे. या यंत्राला तशी पायरी उरलेली नाही. ते ठाऊक असलेले आणि नसलेले एकाच स्वरात सांगते, आणि तो स्वर इतका अदबशीर असतो की शंका घेणे आपल्यालाच उद्धटपणाचे वाटते.

ते चालते कसे, हे थोडक्यात सांगते. आधी कुणीतरी लिहून ठेवलेला अफाट मजकूर त्याला पुरवलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब ते करते. काही वेळा प्रश्न विचारल्यावर ते इंटरनेटवरची चार पाने चाळून त्यांचा गोळा करून देते. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल जगात पुष्कळ लिहिले गेले तिच्याबद्दल ते बरे बोलते. जिच्याबद्दल थोडे लिहिले गेले तिथे ते अंदाजाने भर घालते. बाजारात ज्याचे नाव मोठे त्याचीच खबर जिकडेतिकडे पोहोचते, आणि वाडीतल्या शेवटच्या घरात काय घडले ते कुणालाच माहीत नसते, तसेच हे. मग आपण विचारायला हवे, की बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांबद्दल आजवर कोणी, किती आणि कोणत्या भाषेत लिहून ठेवले आहे?

ताराबाई शिंदे यांचे उदाहरण घेऊ. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर कोरडे ओढायला सुरुवात केली होती. त्या रागातून बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. १८८२ साली पुण्यात ती छापली गेली, प्रती ५००, किंमत नऊ आणे. टीका झाली. १८८५ साली जोतिराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. आणि मग हे पुस्तक जवळजवळ शंभर वर्षे वाचकांच्या नजरेआड गेले. स. गं. मालशे यांना त्याची प्रत मिळाली आणि त्यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले, तेव्हा कुठे आपल्या चळवळीला आपली ही पणजी भेटली.

आता कल्पना करा, की हे यंत्र १९७० साली असते. त्याला विचारले असते, एकोणिसाव्या शतकात मराठी बायकांनी पुरुषांविरुद्ध काही लिहिले का? ते ‘मला ठाऊक नाही’ म्हणाले असते असे मला वाटत नाही. त्याने सुधारकांची नावे सांगितली असती, स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगितला असता, सगळे नीटनेटके. आणि त्या नीटनेटकेपणात ताराबाईंची जागा रिकामी आहे हे कोणाच्या लक्षातही आले नसते. जे पुस्तक कपाटात धूळ खात पडले आहे त्याची उणीव यंत्राला भासत नाही. ती भासली धुळीत हात घालणाऱ्या एका माणसाला.

आज ताराबाईंचे नाव घेतले तर यंत्र बरोबर उत्तर देते. सुरतची केस, साल, फुल्यांचा पाठिंबा, सगळे येते. मला काळजी या बरोबर उत्तराचीच जास्त वाटते. कारण ते ऐकून आपल्याला वाटते, झाले, ताराबाई कळल्या. पण हे पुस्तक म्हणजे एका बाईने कमरेला पदर खोचून घातलेला वाद आहे. पुरुष बायकांवर जे जे दोष लादतात तो एकेक दोष उचलायचा आणि तो तुमच्यात नाही का, असे विचारून त्यांच्याच पदरात टाकायचा, अशी त्याची चाल आहे. भाषा घरातली, विहिरीवरची, शिव्याशापांपर्यंत जाणारी. त्यात पुराणातल्या देवांचीही गय नाही. स्वतः बूट-टोपी घालून साहेबी थाट करणारे आणि बायकोला धर्म सांगणारे नवशिक्षित तर सोलूनच काढले आहेत. आणि मध्येच पातिव्रत्याबद्दल त्या असे काही लिहितात की आजची वाचणारी अडखळते. बाई ही आपल्यासारखी बोलते आणि लगेच आपल्यापेक्षा वेगळीही बोलते. सारांशात हा अडखळा निघून जातो, आणि ‘पहिली स्त्रीवादी लेखिका’ एवढी पाटी शिल्लक राहते.

आणखी एक गोष्ट आजच्या विषयाला अगदी लागू आहे. ताराबाईंनी त्या पुस्तकात त्या काळच्या कथा-कादंबऱ्या-नाटकांचा समाचार घेतला आहे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ या त्या वेळी गाजलेल्या गोष्टींत बायका कशा रंगवल्या आहेत यावर त्या तुटून पडतात. कुणी सांगितले म्हणून, गोषवारा ऐकून हे करता येत नाही. त्यांनी ती पुस्तके घरात बसून वाचली होती. शाळा-कॉलेज न पाहिलेल्या बाईने १८८२ साली जे केले, ते पदवीधर असून आपण यंत्रावर सोपवू लागलो तर कसे व्हायचे?

त्याच साली, १८८२ मध्येच, पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ निघाले. दोन बायका, एक साल, एक भाषा. सारांशात दोघी एकाच ओळीत बसतात: स्त्रियांच्या उद्धारासाठी लेखन केले. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर काय दिसते? रमाबाई बायकांना समजावतात. शिका, उद्योगी व्हा, स्वतःच्या पायावर उभ्या राहा, पण घरसंसाराची, पत्नीच्या कर्तव्याची चौकट त्या इथे मोडत नाहीत. उपदेश बायकांना आहे. ताराबाई मात्र पुरुषांना धारेवर धरतात. पुढे पाचच वर्षांत, १८८७ साली, रमाबाईंनी अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीतून पुस्तक लिहिले आणि त्यातली रमाबाई निराळीच आहे. या पाच वर्षांत एक बाई कशी बदलली, काय सोसून बदलली, हे दोन्ही पुस्तके वाचणारीलाच दिसेल. यंत्र शेवटची रमाबाई उचलते आणि तीच पहिल्या पुस्तकावरही चिकटवते. आपण शिबिरांत बायकांना सांगतो की कोणी एका रात्रीत शहाणी होत नाही. त्याचा एवढा मोठा पुरावा हाताशी असताना आपण तो गमावतो.

सावित्रीबाईंचे तर विचारूच नका. दरवर्षी ३ जानेवारीला मी जी भाषणे ऐकते त्यांत शेण असते, दगड असतात, भिडेवाडा असतो आणि ‘पहिल्या शिक्षिका’ हे शब्द असतात. खोटे त्यात काही नाही. पण सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ती आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९८८ साली काढले. इथे किती जणींनी ती पत्रे वाचली आहेत? (पाच-सहा हात वर.) बरे आहे, मला वाटले त्यापेक्षा जास्त.

ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी १८६८ चे पत्र सांगते. नायगावाहून लिहिलेले. गणेश नावाचा एक ब्राह्मण, पंचांग सांगत गावोगाव फिरणारा. सारजा नावाची महार मुलगी. दोघांचे प्रेम जमले, मुलगी सहा महिन्यांची गरोदर. गावाला कळले तेव्हा लोकांनी दोघांना मारत, गावातून फिरवत नेले, जीव घेण्याचाच बेत होता. सावित्रीबाईंना बातमी लागली तशी त्या धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याने खुनाचा परिणाम काय होईल हे सांगून त्यांनी जमावाला अडवले. दोघांनी गाव सोडायचे असे ठरले आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतिरावांकडे पाठवले. हे सगळे त्या नवऱ्याला साध्या पत्रात कळवतात, जसे आपण आजच्या घडामोडी कळवतो.

मैत्रिणींनो, जातीबाहेर प्रेम केले म्हणून पोरीला मारून टाकण्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. अशा मुलीला लपवून ठेवणाऱ्या, तिला घेऊन पोलीस स्टेशनात बसून राहणाऱ्या बायका या सभागृहात आहेत. त्यांना ठाऊक असायला हवे की हे काम सावित्रीबाईंनी १८६८ साली केले होते, आणि कसे केले होते, तर कायद्याचा धाक नेमक्या वेळी वापरून. १८७७ चे पत्र जुन्नरकडचे, दुष्काळातले. त्यात सावकार आहेत, सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड आहे आणि कलेक्टरपुढे त्यांची बाजू मांडणारी सावित्रीबाई आहे. कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्याला ‘पहिली शिक्षिका’ या बिरुदापेक्षा ही बाई जवळची नाही का? पण ती चार ओळींच्या उत्तरात येत नाही, कारण लोकांनी शेणाची गोष्ट लाख वेळा लिहिली आणि पत्राची फार थोड्यांनी.

त्यातच सावित्रीबाईंच्या नावावर फिरणारी सुविचारांसारखी वाक्ये आहेत. कुठल्या पुस्तकातली, कुठल्या पानावरची, विचारले की उत्तर नाही. अशी वाक्ये भाषणात घालू नका. उद्या कोणी विरोधक उभा राहून पान विचारील, आणि मग खरी पत्रेही खोटी ठरवली जातील.

हे भय काल्पनिक नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ या वर्तमानपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली होती. त्यातली दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तके मनची. यादीत पहिलेच नाव चिलीच्या इसाबेल अलेंदे यांचे होते आणि त्यांनी कधीही न लिहिलेल्या कादंबरीचे कथानकसुद्धा दिले होते. यादी करणाऱ्याने यंत्राची मदत घेतली होती आणि पडताळले नव्हते. अलेंदेंसारख्या जगप्रसिद्ध बाईचे हे, तर आपल्याकडच्या जिची एकच आवृत्ती निघाली तिचे काय होईल? अलेंदेंच्या बाबतीत ओरड करायला वाचक तरी होते.

आता जरा घराजवळ येऊ. उर्मिला पवार रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा होईपर्यंत आपण एकाच जिल्ह्यातल्या. त्यांचे आत्मकथन ‘आयदान’ २००३ साली आले. आमच्या वाचनगटात ते आम्ही तीन महिने मोठ्याने वाचले. गटात दोन मासे विकणाऱ्या, एक अंगणवाडी सेविका, एक काजूच्या कारखान्यात जाणारी, दोघी शिक्षिका. वाचायला घेण्याआधी एका तरुण मुलीने फोनवर यंत्राला विचारून आम्हाला ऐकवले. उत्तराचा मथितार्थ असा की हे एका दलित स्त्रीच्या शिक्षणाद्वारे आत्मसन्मानाकडे जाणाऱ्या प्रवासाचे चित्रण असून त्यात जात आणि लिंगभाव यांचा छेद दिसतो. सगळ्या जणी गप्प. मासेवाल्या काकी म्हणाल्या, ‘समाजला. आता वाचतलंस काय?’

आणि वाचायला सुरुवात केली तर पहिल्याच पानांत डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका. डोक्यावर ओझे, वाट चढ-उताराची, तोंडाने हसणे, शिव्या, चेष्टा. काकी मध्येच थांबवून म्हणाल्या, ‘ह्यां तर आमचांच.’ मग त्यांनी आपल्या सासूच्या वेळच्या टोपलीचे वजन सांगितले, मालवणच्या दांडीवरून पायी कुठवर जात ते सांगितले. त्या दिवशी आम्ही फक्त तीन पाने वाचली.

पुढे ती शाळेची हकीकत येते. वर्गातल्या मुलीला शेण काढायला लावायचे, नाही म्हटले की मारायचे. आयदान विणत बसलेली विधवा आई त्याच मास्तरांना वाटेत अडवून जाब विचारते. यंत्राने याला ‘शाळेत जातिभेदाचा सामना करावा लागला’ असे म्हटले होते. सामना कोणी केला? आईने. कशाने केला? आवाजाने. हातात काय होते? अर्धे विणलेले आयदान. हे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे वजा केली की ‘सामना करावा लागला’ एवढे उरते. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, सुपे, टोपल्या. पुस्तकाला ते नाव का दिले हे ज्या बाईने सूप हातात धरले आहे तिला समजावून सांगावे लागत नाही.

त्या उत्तराची भाषा अशी का, याचा मी विचार केला. ‘आयदान’चे माया पंडित यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००८ साली आले, आणि त्यावर विद्यापीठांतून इंग्रजीत पुष्कळ लेख लिहिले गेले. माझा अंदाज असा, की यंत्राने मराठी पुस्तकापेक्षा त्या इंग्रजी लेखांचाच काढा आपल्याला पाजला. म्हणजे रत्नागिरीतल्या बाईने मराठीत लिहिलेले पुस्तक इंग्रजीत गेले, तिथून अभ्यासकांच्या परिभाषेत गेले, आणि भाषांतर होऊन मालवणात परत आले, तेव्हा त्यात ना बाजार, ना डोंगर, ना आई. लेख वाईट असतात असे मी म्हणत नाही. ते ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यासाठी ठीक. पण पुस्तकाच्या जागी त्यांना बसवता येत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे, म्हणून मुद्दाम सांगते. ‘आयदान’मध्ये शिकलेल्या नवऱ्यालाही बायकोचे पुढे शिकणे, घराबाहेर वावरणे कसे खुपते ते आहे. मुंबईतल्या स्त्री-संघटनांत जातीचा प्रश्न कसा मागे पडत होता, तेही आहे. म्हणजे उर्मिलाताईंनी आपल्यालाही सोडलेले नाही. त्या दिवशी ऐकलेल्या सारांशात व्यवस्था होती, परंपरा होती, समाज होता. आपण नव्हतो. सारांश नेहमी दूरच्या शत्रूवर बोट ठेवतो. पुस्तकात जे जवळच्यांना सुनावलेले असते ते बरोब्बर गळते, आणि आपल्या शिबिरात बसून आपण खूश होतो की पुस्तक आपल्याच बाजूचे आहे.

आता छापील पुस्तकाच्याही पलीकडचे. आपल्या आज्या-पणज्यांचे साहित्य म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या गाणारणीच्या आवाजातही ऐकायला मिळतात. यंत्राला ओव्यांबद्दल विचारले की ते सांगते, ग्रामीण स्त्रिया ओव्यांतून सुखदुःख व्यक्त करत. हे सांगायला यंत्र कशाला हवे? एका सीतेच्या वनवासावर दहा बायका दहा ओव्या गातात. गोषवारा करणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटते, तो नऊ काढून टाकतो. पण एकीच्या ओवीत सीता रामाला बोल लावते, दुसरीच्या ओवीत बोरीबाभळी तिची समजूत काढतात, तिसरी सीतेचे नाव घेऊन आपल्या लेकीच्या सासरचे सांगते. त्या फरकातच ती ती बाई आहे. नऊ काढल्या की नऊ बायका गेल्या.

बोलीचेही असेच. मालवणीत विचारा, उत्तर प्रमाण मराठीत येते, कधी कधी हिंदीच्या वळणाचे. आपली ‘घो’, ‘झिल’, ‘चेडू’ ही माणसे त्याच्याकडे गेली की पती, पुत्र आणि कन्या होऊन परत येतात.

मग हे यंत्र फेकून द्यायचे का? नाही. शासनाचा आठ पानी जी.आर. सोप्या मराठीत समजून घ्यायला आमच्या सेविका ते वापरतात, आणि मूळ जी.आर. शेजारी ठेवून पडताळतात. जिला दिसत नाही तिला फोन मजकूर वाचून दाखवतो, ही मोठीच सोय आहे. एखादे पुस्तक कुठल्या विषयावर आहे, कुठे मिळेल, याचा माग काढायलाही हरकत नाही, फक्त पुस्तक खरोखर हातात येईपर्यंत ते आहे असे धरू नका. जी.आर.मधून आपल्याला माहिती हवी असते, ती काढून घेतली की कागदाचे काम संपते. बाईने लिहिलेल्या पुस्तकातून आपल्याला ती बाई भेटायला हवी असते. ती काढून घेता येत नाही.

कणकवलीची एक कार्यकर्ती मघाशी चहाच्या वेळी म्हणाली, ‘ताई, वाचायला वेळ कुठे आहे? रात्री दहाला भांडी आवरतात.’ हे खरे आहे आणि यावर मी तिला उपदेश करणार नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिले, वर्षानुवर्षे वह्या दडवून ठेवल्या, तेव्हा कुठे ते १९८६ साली पुस्तक होऊन आले. बायकांना लिहायलाही वेळ नव्हता आणि वाचायलाही नाही. म्हणून तर गटाने वाचायचे. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी मासे साफ करत, काजू सोलत ऐकायचे. आठवड्याला पाच पाने. अडीचशे पानांचे पुस्तक वर्षाला होते, आणि वर्षाला एक पुस्तक हे अजिबात कमी नाही.

यंत्रापाशी जे नाही ते गोळा करणे हेही आपलेच काम आहे. आपल्या जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली. बाया मागे राहिल्या. मनीऑर्डरीच्या वाटेकडे डोळे लावून त्यांनी चाकरमान्यांना पत्रे लिहिली, लिहिता येत नव्हते त्यांनी पोस्टमनकडून, शाळेतल्या पोराकडून लिहवून घेतली. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्यावर त्या पत्रांत काय काय आले असेल! कापसाच्या, युनियनच्या, नेत्यांच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले. ही पत्रे कुठल्या यंत्रात नाहीत. ती ट्रंकेत आहेत, देव्हाऱ्यामागे आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतली काही वाळवी खाते. महिला मंडळांच्या स्मरणिका, सासूने लिहिलेली हिशेबाची वही, तिच्या मागच्या पानावरच्या ओव्या, हेही तसेच.

तेव्हा दुपारच्या सत्रात आपण एवढेच करणार आहोत. सावित्रीबाईंच्या तिन्ही पत्रांच्या झेरॉक्स आणल्या आहेत, वीस प्रती आहेत, दोघींत एक घ्या आणि गटात मोठ्याने वाचा. ‘स्त्री-पुरुष तुलना’ची प्रत एकच आहे, ती संध्याकाळी सावंतवाडीचा गट नेईल आणि महिन्याने कुडाळला देईल. ज्यांच्या घरी जुनी पत्रे आहेत त्यांनी आपले नाव दाराजवळच्या वहीत लिहावे, गाव आणि साधारण साल लिहावे. पत्रे इथे आणू नका, पावसाचे दिवस आहेत. आम्ही घरी येऊ.